हाताचा निरोप

मास्तरांचा उजवा हात गेला तेव्हा पहिली पंचाईत झाली ती भेटायला येणाऱ्यांची. आपल्या भाषेत जिथे तिथे हात पसरलेले. त्यांना चुकवून कुणी चार वाक्यं बोलून दाखवावीत. मेहुणे आले, म्हणाले, "काही लागलं तर मागायला हात आखडता घेऊ नका," आणि जीभ चावून जे गप्प बसले ते चहा संपेपर्यंत. शेजारीण कळवळून म्हणाली, "डॉक्टरांनी हात टेकले म्हणे," आणि चूक कळल्यावर तिने तोंडावर हात ठेवला, म्हणजे परत तेच. कारखान्याचा मालक "तुम्ही माझा उजवा हात होतात" असं म्हणून खिडकीबाहेर बघत राहिला. शेवटी मास्तरांनाच या लोकांची दया यायला लागली. "बोला हो बिनधास्त," ते म्हणायचे. "हात गेलाय, कान शाबूत आहेत."

एक माणूस मात्र त्यांच्याशी हाताबद्दल अवाक्षर काढत नव्हतं, आणि ते म्हणजे त्यांची बायको.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. कपडे शिवणाऱ्यालाही आपण मास्तर म्हणतो, ते मास्तर. मिसरूड फुटायच्या आधी मामाच्या दुकानात ते बटणं लावायला बसले आणि बटणांवरून मशीनवर, मशीनवरून कात्रीवर असे चढत गेले. हुशारी म्हणाल तर बेताची. पण उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात देवाने काहीतरी जास्तीचं घातलं होतं. कापड त्या दोन बोटांत धरून जरा चोळलं की ते सांगायचे, हे पहिल्या धुण्याला आटणार, याला इस्त्री सोसणार नाही, हे सुती म्हणून तुमच्या गळ्यात मारलंय. गिऱ्हाईक वाद घालायचं. मास्तर वाद घालायचे नाहीत. शिवून द्यायचे आणि पहिल्या धुण्याची वाट बघायचे.

त्याच दुकानात हातशिलाईला एक मुलगी यायची. काजं करायची, पँटचे पाय दुमडून शिवायची. मास्तरांनी बसवलेली एक कोटाची कॉलर तिने उसवून परत पाठवली, कारण म्हणे डावं टोक उजव्यापेक्षा केसभर लांब होतं. मास्तर तावातावाने जाब विचारायला गेले आणि जन्मभर विचारतच राहिले, असं ते स्वतःच सांगत. ती मुलखाची अबोल. राग आला तरी सुई चालू ठेवून रागवायची, आणि माया म्हणाल तर ती अस्तराच्या आतून घातलेल्या टाक्यासारखी, बाहेरून दिसायचीच नाही. मास्तरांचं तोंड दोघांच्या वाटचं बोलायचं, त्यामुळे संसार तोलून चालला होता.

पुढे स्वतःचं दुकान झालं, एक मुलगी झाली, आणि लोक तयार कपडे घ्यायला लागल्यावर दुकान बसलंही. मास्तर रडत बसले नाहीत. कपड्यांच्या एका कारखान्यात कटिंगला लागले. तिथे माल वर-खाली न्यायला जाळीच्या दाराची लिफ्ट होती. एका सकाळी ते कापडाचे ताके घेऊन वर निघाले होते. एका ताक्याचं सुटलेलं टोक जाळीबाहेर राहिलं, आणि लिफ्ट हलली. शहाण्या माणसानं आधी लाल बटण दाबलं असतं. मास्तरांनी आधी कापड धरलं. चांगलं, मऊ, अंगाला सुख देणारं कापड होतं. डोळ्यांदेखत फाटताना कसं बघवणार? जाळीतून हात घालून त्यांनी टोक मुठीत पकडलं, आणि वरच्या मजल्याची कड खाली आली. कुणीतरी लिफ्ट थांबवेपर्यंत कोपराखालून मनगटापर्यंत सगळं चेचून निघालं होतं. मूठ तेवढी धड होती. ती त्यांनी सोडली नव्हती.

शुद्ध आली तेव्हा कोपराच्या जरा खाली बँडेज संपत होतं आणि त्यापुढे चादर सपाट होती. बायको स्टुलावर बसली होती.

"हात कुठंय?"

"काढावा लागला."

"ते दिसतंय मला. कुठंय?"

"दिला."

"दिला म्हणजे? कुणाला?"

"इथल्या माणसाला. ते घेऊन जातात."

"मला न दाखवता?"

"तुम्ही शुद्धीवर नव्हतात."

"मग थांबायचं होतं ना! एवढी काय घाई होती तुला?"

ती उठली, ग्लासात पाणी ओतलं, त्यांच्या ओठांना लावलं. त्यानंतर हा विषय त्या घरात निघाला नाही.

पण मास्तरांच्या मनातून तो जाईना. हात जाणं हे एक दुःख. त्याला इलाज नव्हता. पण ज्याच्या जिवावर उभा जन्म जेवलो, त्याला शेवटचं बघताही येऊ नये? गल्लीतलं ओळखीचं कुत्रं मेलं तरी माणूस दोन पावलं थांबतो. आणि हिने काय केलं, तर जुनं फडकं द्यावं तसा हात देऊन टाकला. कुठे गेला असेल? कुणी उचलला असेल? तो उचलणारा काही म्हणाला असेल का? असले प्रश्न दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती. लोक म्हणाले असते, हातासोबत डोकंही गेलं. मास्तरांना फक्त एकदा त्याचा निरोप घ्यायचा होता. तेवढं राहून गेलं होतं, आणि ते तिच्यामुळे राहून गेलं होतं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं.

गंमत अशी की घरी आल्यावर कळलं, हात गेलेलाच नाही. दिसत नव्हता एवढंच. चादरीवर काही नसलं तरी मास्तरांना बोटं कळायची, आणि ती बोटं वळलेली असायची. कापडाचं टोक धरताना मिटलेली मूठ मिटलेलीच राहिली होती. नखं तळव्यात रुतायची. कधी इतकी कळ यायची की ते डाव्या हाताने समोरची हवा चोळत बसायचे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बऱ्याच जणांना होतं. बऱ्याच जणांना होतं म्हणून कळ कमी होत नाही, हे डॉक्टरांना कोण सांगणार? जो हातच नाही, त्याची मूठ सोडवायची तरी कशी?

अशातच एका दुपारी ते बाहेरून आले तर बायको त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचा ढीग घेऊन बसलेली. एकूण एक उजवी बाही तिने कापून आखूड केली होती आणि कड दुमडून शिवत होती. टाके असे बारीक की नव्या शर्टालाही तसे मिळू नयेत.

"मला विचारायचं तरी," मास्तर म्हणाले.

"लोंबत होत्या," ती म्हणाली.

मास्तर आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. हात एकदा दवाखान्यात कापला गेला आणि एकदा घरी, असं त्यांना वाटलं.

मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती. तिच्या कानावर कुठून तरी आलं की आपल्या गावातल्या मोठ्या इस्पितळाच्या मागे एक प्रयोगशाळा आहे, तिथे नसांना तारा जोडून यंत्राचा हात चालवायचं काम चालतं आणि त्यांना माणसं हवी आहेत. तिने बापाचं नाव देऊन टाकलं. मास्तर गेले ते "बघू तरी" म्हणून. तिथे एक तरुण इंजिनिअर बाई होती, केस पेन्सिलीने वर बांधलेले, बोलताना शब्दांची गाडी सुसाट. मास्तरांनी पहिल्याच दिवशी मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं, तारवाली. तिनेही पहिल्याच दिवशी घोळ घातला. बरोबर आलेल्या शेजाऱ्याने "हे आमचे मास्तर" म्हणून ओळख करून दिली, आणि तिने पेशा म्हणून 'शिक्षक' लिहून घेतलं. पुढे बरेच दिवस तिथले डॉक्टर मास्तरांना सांगायचे, "फळ्यावर परत लिहू लागाल बघा." मास्तरांनी कुणाला दुरुस्त केलं नाही. शाळा सातवीतच सुटली होती. तेवढ्यासाठी का होईना, शिक्षक होऊन बघितलं.

तारवालीने समजावून सांगितलं. "हाताच्या नसा अजून जिवंत आहेत, मास्तर. तुमचा मेंदू त्यांच्या वाटेने खाली निरोप पाठवतोच आहे, फक्त घ्यायला कुणी नाही. आम्ही त्या नसांभोवती बारीक कडी बसवणार. तुम्ही मूठ उघडायचं मनात आणलं की तो निरोप आम्ही वाचून यंत्राच्या हाताला सांगणार. आणि यंत्राच्या बोटाला काही लागलं की उलटा निरोप तुम्हाला वर पाठवणार."

"म्हणजे हाताचा निरोप मला घेता येईल?"

"हो! तेच तर आमचं काम."

"मग काय वाट्टेल ते कापा," मास्तर म्हणाले. "माझा तेवढाच घ्यायचा राहिलाय."

तारवालीला हा उत्साह फार आवडला. तिने निरोप म्हणजे संदेश असंच धरलं आणि मास्तरांनी दुसरा अर्थ स्वतःजवळ ठेवला.

शस्त्रक्रिया झाली. दंडाच्या आतून केसासारख्या तारा कातडीबाहेर आल्या आणि तिथे एक छोटी खोबण बसली. घरी त्यावर पट्टी असायची. प्रयोगशाळेत गेलं की खोबणीत वायर, वायर यंत्रात, आणि समोर टेबलावर तो हात: पोलादी सांगाडा, बोटांच्या टोकांना आणि तळव्याला रबराचं कातडं. सुरुवातीचे आठवडे नुसतं जुळवाजुळवीत गेले. ती एकेका तारेतून इवलासा करंट सोडायची आणि विचारायची, कुठे वाटलं, कसं वाटलं. पडद्यावर पर्याय ठरलेले: मुंग्या, दाब, कंप, खाज, टोचणी. एकदा मास्तर म्हणाले, "शिवशिवतंय." तिने खाज नोंदवली आणि करंट कमी केला.

"अगं, कमी काय करतेस! खाज नव्हे ती. समोर कापड पसरलेलं असावं आणि कात्री दुसऱ्याच्या हातात असावी, तेव्हा होतं ते."

"याला पर्याय नाहीये, मास्तर."

"नाहीच आहे," मास्तर म्हणाले. "म्हणून तर तुझ्याकडे आलो."

आणि मग एक दिवस तिने दोन तारा एकदम चालू केल्या. मास्तर बोलता बोलता थांबले. मिटलेल्या मुठीतला अंगठा हलला. मग तर्जनी सैल झाली, मग बाकीची बोटं, सकाळी झोपेतून उठलेल्या पोरांसारखी एकामागून एक. तळव्यातली नखं निघाली. त्यांची मूठ उघडली होती! जिथे हात नव्हता तिथे, खुर्चीच्या हातापलीकडच्या हवेत, त्यांचा पंजा पसरून पडला होता. मास्तर लहान मुलासारखे रडले. तारवालीने घाबरून बंद केलं, तशी मूठ पुन्हा मिटली. "चालू कर," ते ओरडले, "चालू कर, पोरी!"

त्या दिवसापासून प्रयोगशाळा हे त्यांचं माहेर झालं. यंत्राच्या हाताने ते पेला उचलायला शिकले, स्पंजचा चेंडू दाबायला शिकले, तारवालीची पेन्सिल तिच्या केसांतून काढायला शिकले. खिशात चिंध्या भरून न्यायचे आणि पोलादी बोटांत धरून चोळायचे. पण रेशीम काय नि गोणपाट काय, यंत्राला दोन्ही सारखीच. "दाब कळतो, पोत कळत नाही," ते म्हणायचे. तारवालीने पोत हा शब्द त्यांच्याकडूनच उचलला आणि त्यासाठी बराच खटाटोप केला, पण खरखरीत आणि गुळगुळीत एवढ्यापलीकडे गाडी गेली नाही. मास्तरांचं त्यावाचून अडत नव्हतं. मूठ उघडत होती, हात तासन् तास त्यांच्याजवळ होता. रोज जाताना ते ठरवायचे, आज त्याचा नीट निरोप घ्यायचा. आणि रोज वाटायचं, आज नको. समोर बसलेल्या माणसाला कुणी जा म्हणतं का?

घरी येऊन ते बायकोला सगळं सांगायचे. ती ऐकायची, सुई चालू. एकदाही विचारलं नाही की मी येऊ का. तिला त्या लोखंडाची किळस येत असणार, मास्तरांनी ठरवून टाकलं. जिला खऱ्या हाताचं काही वाटलं नाही, तिला खोट्याचं काय वाटणार?

मुदत संपत आली. तारा कातडीबाहेर किती दिवस ठेवायच्या याला नियम होता, कारण त्या वाटेने जंतू आत जातात. मुदत वाढव म्हणून तारवालीच्या मागे मास्तर हात धुवून लागले, आणि एका हाताने कसे धुणार म्हणून स्वतःच हसले, पण मागणं सोडलं नाही. ती म्हणाली, पुढचं यंत्र सगळंच आत बसेल, तारा बाहेर येणारच नाहीत, पण ते अजून तयार नाही. आणि तयार झालं तरी त्यांच्या नसेवर आता व्रण धरला होता. पुन्हा कापता येणार नव्हतं. हे सांगताना तिची सुसाट गाडी पहिल्यांदाच अडखळली. "तुमच्यामुळे पुढच्या लोकांचं होईल, मास्तर," ती म्हणाली. मास्तरांनी मान डोलावली. पुढच्या लोकांचं भलं होवो. पण मूठ त्यांची मिटणार होती, आणि या वेळी कायमची.

"शेवटच्या दिवशी काही करायचं राहिलंय का? कुणाला घेऊन यायचंय का?" तिने विचारलं.

"माझं कुणी येत नसतं," मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी ते घरी बराच वेळ गप्प होते. मास्तर गप्प, हे इतकं अवघड होतं की बायकोने सुई थांबवली.

"तारा काढणार आहेत," ते म्हणाले. "उद्या शेवटचं. तू एकदाही आली नाहीस."

"बोलावलंत कधी?"

मास्तर आठवू लागले. खरंच, कधी बोलावलं होतं? एवढ्या महिन्यांत सगळं सांगितलं होतं, फक्त 'ये' म्हटलं नव्हतं.

"मग ये उद्या."

तिने टाका पुरा केला, दातांनी दोरा तोडला. "येते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली ती चपला दाराबाहेर काढून. प्रयोगशाळेत कुणी चपला काढत नसे, पण तारवालीने तिला काही म्हटलं नाही. टेबलाजवळ खुर्ची सरकवून दिली. ती बसली आणि बराच वेळ त्या पोलादी हाताकडे बघत राहिली. मास्तर तिच्या चेहऱ्यावर किळस शोधत होते. ती काही सापडेना.

"याला धरलं तर चालेल?" तिने विचारलं.

"धरा ना, काकू," तारवाली म्हणाली आणि तिने करंट चालू केला.

मास्तरांची मूठ सुटली. टेबलावरचा हात मात्र अर्धवट मिटलेला होता, त्याची बोटं सुटी सोडली की तशीच राहत. बायकोने शेकहँड करतात तसा तो हातात घेतला नाही. एक तळवा खाली सरकवला, तान्ह्या पोराच्या मानेखाली सरकवतात तसा, आणि दुसऱ्या हाताने बोटं उघडायला लागली. आधी अंगठा. मग तर्जनी. एकेक, सावकाश, मोडू नये अशा बेताने. मास्तरांना प्रत्येक बोट कळत होतं. पाचही बोटं सरळ झाल्यावर तिने वरून आपला तळवा ठेवला आणि दोन्ही हातांत तो धरला.

"हे असं कुणी सांगितलं तुला?" मास्तरांनी विचारलं.

"कुणी नाही. तेव्हा असाच उघडला होता."

"केव्हा?"

ती त्यांच्याकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. "दवाखान्यात. त्यांनी विचारलं, नेऊ का. मी म्हटलं, आधी माझ्याकडे द्या. फडक्यात गुंडाळून आणला. मूठ अशी घट्ट. म्हटलं, असा मिटलेला कसा पाठवायचा? मग उघडली. मग धरून बसले. तो माणूस मधूनमधून दारात यायचा. मी म्हणायचे, थांबा जरा."

इतकी वर्षं मास्तर दोघांच्या वाटचं बोलत आले होते. "मला सांगितलं का नाहीस?" एवढंच आता निघालं.

"तुम्ही म्हणालात, एवढी काय घाई होती तुला." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "त्यावर काय सांगणार?"

तारवालीने तोंड पडद्याकडे फिरवलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी डावा हात उचलला नाही, कारण तोही त्यांनी तिच्या हातांवर ठेवला होता.

"आता कळतंय का, धरलेलं?" तिने विचारलं.

"कळतंय."

"माझे हात गार आहेत. गार लागतात?"

"नाही. गार-गरम कळत नाही यात."

"बरंय," ती म्हणाली, आणि तो हात हळूहळू चोळू लागली. "तेव्हा फार गार पडला होता. किती चोळला, पण ऊब येईना."